रेडिओवर गाणं लागलं, पण पैसे कुणाचे?

पार्किंग मीटरवरून उडी मारायला जाऊन ड्रमर हात मोडून घेतो. 'दॅट थिंग यू डू!' या सिनेमाची सगळी गोष्ट त्या मोडलेल्या हाडावर उभी आहे. साल १९६४, गाव अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं ईरी. कॉलेजातली स्पर्धा तोंडावर आलेली, बँडला ड्रमर नाही. मग पोरं गाय पॅटरसनला गाठतात. हा वडिलांच्या रेडिओ-टीव्ही-फ्रीजच्या दुकानात दिवसभर काउंटर सांभाळतो आणि रात्री दुकान बंद झालं की जाझच्या रेकॉर्डी लावून त्यांच्या जोडीनं ड्रम बडवत बसतो. म्हणजे आपल्या भाषेत, बदलीवर आलेला वादक.

मी मिरजेचा. दिवसा पतपेढीत खतावणी आणि रात्री ऑर्केस्ट्रात रिदम, असं ऐंशीचं दशक आणि नव्वदीचा बराचसा भाग काढला. आधी कांगो-बोंगो, मग ड्रमसेट, शेवटी शेवटी ऑक्टोपॅड. गणपती, जत्रा, उरूस, कारखान्याच्या मोळीपूजनाचा कार्यक्रम, जिथली सुपारी येईल तिथं टेम्पोत बसून जायचं. पुष्कळ नाइटी, म्हणजे रात्रीचे कार्यक्रम, बदलीवरचे. नेहमीचा माणूस कावीळ होऊन पडला की दुपारी निरोप यायचा, येतोस का. बदलीवाल्याची एक गंमत असते. त्याला त्या संचाची सवय नसते. गाणं कुठं रेंगाळायचं, गायकाला कुठं दम घ्यायचा असतो, यातलं काही ठाऊक नसल्यामुळं तो आपल्या अंगातल्या लयीनं वाजवतो. बहुतेक वेळा त्यानं घोळ होतो, पण कधीतरी गाणं जिवंत होतं.

सिनेमात तेच होतं. बँडचा गायक जिमी (जोनाथन शेक), त्यानं लिहिलेलं गाणं मुळात संथ, प्रेमात पोळलेल्या माणसाचं, उसासे टाकत म्हणायचं. स्टेजवर गाय काड्या उचलतो आणि तालमीत ठरलं होतं त्यापेक्षा कितीतरी चढ्या लयीत सुरुवात करतो. जिमी मागं वळून बघतो. त्या शेकचा चेहरा बघण्यासारखा आहे. हळू, हळू कर म्हणतोय, पण हातातलं गिटार थांबवता येत नाही, समोर माईक आहे आणि पहिली ओळ येऊन ठेपलीय. लय एकदा वर गेली की चालू गाण्यात ती खाली आणता येत नाही. गायकानं फार तर डोळे वटारायचे. मी असे वटारलेले डोळे पुष्कळ बघितलेत, सगळे पाठीमागून. तेवढ्यात खाली पोरं-पोरी खुर्च्या सोडून नाचायला लागतात. झालं! आता हे गाणं पुन्हा कधी हळू वाजणार नाही, हे जिमी सोडून सगळ्यांना कळतं.

टॉम हँक्सनं दिग्दर्शित केलेला हा पहिला सिनेमा, १९९६चा. लिहिलाही त्यानंच. एका छोट्या गावातल्या बँडचं एक गाणं गाजतं, ते लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वर वर सरकत जातं, पोरं कॅलिफोर्नियाला पोहोचतात आणि तिथं दुसरं गाणं होण्याआधीच बँड फुटतो. बस, एवढीच गोष्ट. कुणी दारूत बुडत नाही, कुणी कुणाला फसवत नाही, मॅनेजर पैसे घेऊन पळत नाही. म्हणून लोक याला हलकाफुलका, गोड सिनेमा म्हणतात. मी मात्र पतपेढीतला माणूस. मला त्यात सगळीकडे जमाखर्चच दिसत राहतो.

रेडिओचा प्रसंग घ्या. सिनेमातला सगळ्यात गाजलेला तोच. फे (लिव्ह टायलर), जिमीची मैत्रीण, रस्त्यानं चाललीय, ट्रान्झिस्टरची वायर कानात. एकदम ती थबकते, मग किंचाळते आणि पळत सुटते. वाटेत बेसवाला भेटतो, तोही पळायला लागतो. दोघं धडकतात ते गायच्या दुकानात. तिथं रेडिओंना काय तोटा? एक लावतात, दुसरा लावतात, सगळं दुकान त्या एका गाण्यानं भरून जातं. बाकीचे येऊन पोहोचतात आणि काउंटर, फ्रीज, वॉशिंग मशीन यांच्या मधून उड्या मारत नाचतात. गायचे वडील बघत राहतात. त्या दोन-तीन मिनिटांत अभिनय असा कुणी करतच नाही, सगळे नुसते वेडे झालेत. कितीही वेळा बघितलं तरी माझे पाय खुर्चीखाली ठेका धरतातच.

आता त्या दुकानात नाचणाऱ्यांपैकी त्या क्षणी पैसे कुणाला मिळतायत? एकट्या जिमीला.

अमेरिकेतला नियम असा, आणि साध्या रेडिओ स्टेशनांच्या बाबतीत आजही तोच आहे: गाणं रेडिओवर वाजलं की पैसे गाणं लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्याला. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीलासुद्धा काही नाही. म्हणणं असं की रेडिओमुळं तुमची जाहिरात होते, रेकॉर्डी खपतात, आणखी काय पाहिजे? रेकॉर्ड खपल्यावर तरी काय, तर लिहिणाऱ्याचा कायद्यानं ठरलेला दर एका गाण्याला दोन सेंट. तो १९०९ साली ठरला आणि १९७८ उजाडेपर्यंत तसाच होता, एक छदाम वाढला नाही. लाख रेकॉर्डी गेल्या तर दोन हजार डॉलर, आणि रीत अशी की त्यातले निम्मे प्रकाशकाचे. वाजवणाऱ्याचं जे काही असेल ते कंपनीच्या करारात, खर्च वजा जाता उरलं तर.

म्हणजे गाणं चाललं कशामुळं, तर गायच्या लयीमुळं. पण लय लिहायला वहीत रकानाच नाही. शब्द आहेत, चाल आहे, त्यांचा मालक आहे. ठेका कुणी दिला, तो आडवा कुणी केला, चार मात्रांची उठावणी कुणी टाकली, हे कायद्याच्या दृष्टीनं हवेत गेलं.

आमच्या संचातल्या एका गायकाचं एक लोकगीत होतं, साधा केरवा, बरं चालायचं. एका जत्रेत मी त्याला टॉमटॉमवर हलगीचा ठेका लावला, लय जरा रेटली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी फेटे उडवले. त्यानंतर ते गाणं प्रत्येक नाइटीला वन्समोअर घ्यायचं. पुढं एका कॅसेट कंपनीनं ते ध्वनिमुद्रित केलं, पुण्यात, तिथल्या वादकांकडून, माझ्या ठेक्यासकट. मला कळलं ते एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये चहा पिताना, टेपवर लागलं तेव्हा. कव्हर मागून बघितलं. गायकाचं नाव, 'संगीत' म्हणून कंपनीच्या माणसाचं नाव, खाली किंमत. पोऱ्याला म्हटलं, आवाज जरा वाढव. दुसरं काय म्हणणार? तो ठेका तरी माझ्या बापाचा कुठं होता, हलगीवाल्यांचाच होता.

आपल्याकडेही हे भांडण जुनं आहे. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी मिळाली पाहिजे म्हणून धरून ठेवलं. रफीसाहेबांचं मत, एकदा मानधन घेतलं की आपला संबंध संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र द्वंद्वगीत गायलं नाही. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कुणाला लिहून घेता येणार नाही अशी तरतूद कायद्यात यायला २०१२ साल उजाडलं. रिदमवाल्यांपुरतं बोलायचं तर गोव्याचे दत्ताराम वाडकर आठवतात. शंकर-जयकिशन यांच्याकडे ते सहायक होते, ताल त्यांच्याकडे. ढोलकवर त्यांनी आणलेली एक चाल आजही वादक 'दत्ताराम ठेका' म्हणून ओळखतात. मास्तर, दत्ताराम लावू का, असं मी स्वतः स्टेजवर विचारलेलं आहे. वादकांच्या तोंडी नाव राहिलं, हेही थोडं नव्हे.

सिनेमाकडे परत येतो. मिस्टर व्हाइट. प्ले-टोन या रेकॉर्ड कंपनीचा माणूस, आणि ही भूमिका हँक्सनं स्वतःसाठी ठेवलीय. उत्तम शिवलेला सूट, आवाज कधी चढत नाही. आल्या आल्या तो बँडच्या नावाचं स्पेलिंग सरळ करतो, पोरांना एकसारखे कपडे शिवतो, गायला म्हणतो की तू काळा गॉगल लाव. कोण काय आहे हे त्याला एका नजरेत कळतं: जिमी गुणी, गिटारवाला लेनी (स्टीव्ह झान) विदूषक, गाय शहाणा. मग जत्रांचा दौरा. तिकडे त्याला स्टेट फेअर म्हणतात. एकाच कंपनीचे पाच-सात कलाकार एका गाडीत, रोज नवं गाव, प्रत्येकानं आपली दोन-तीन गाणी म्हणायची आणि खाली उतरायचं. हे बघताना मला आमच्या टेम्पोचा वास आला. फक्त त्यांच्या जत्रेत गाईम्हशींना बक्षिसं होती आणि आमच्याकडे बैलांना.

व्हाइटचं खरं रूप कळतं जिमी त्याला नव्या रेकॉर्डबद्दल विचारतो तेव्हा. जिमीकडे स्वतःची गाणी तयार आहेत, बहुतेक संथ. व्हाइटला पाहिजे काहीतरी चटपटीत, आणि तेही प्ले-टोनच्या संग्रहातलं. वरवर बघता ही आवडीनिवडीची गोष्ट वाटते. पण मघाचा हिशेब मांडून बघा. गाणं जिमीचं असलं तर दोन सेंटांतला आणि रेडिओच्या पैशातला लेखकाचा वाटा जिमीचा. गाणं कंपनीच्या मालकीचं असलं तर तो पैसा घरच्या घरात. साठीतल्या रेकॉर्ड कंपन्या आपल्या पोरांना आपल्याच संग्रहातली गाणी का गायला लावायच्या, ते यात आलं. व्हाइट दुष्ट नाही. तो दुकान चालवतोय, गायच्या बापासारखाच.

१९६४ हे सालही उगीच निवडलेलं नाही. त्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर दिसले आणि बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या ४ एप्रिलच्या यादीत पहिली पाचही गाणी त्यांची होती. मग गल्लोगल्ली चार पोरं, तीन गिटारी आणि एक ड्रमसेट. कंपन्यांना असे चौघे पाहिजेच होते, लवकर, आणि फार प्रश्न न विचारणारे. बीटल्स स्वतःची गाणी स्वतः लिहितात हे प्रत्येक पोराला दिसत होतं. कंपन्यांना त्यांचे केस आणि कोट तेवढे दिसत होते. जिमी आणि व्हाइट यांची टक्कर इथली आहे. जिमी माणूस म्हणून मला आवडत नाही. खडूस आहे, फेशी तो ज्या तऱ्हेनं वागतो त्याला माफी नाही. टीव्हीवरच्या कार्यक्रमात त्याच्या चेहऱ्याखाली 'पोरींनो सावध, याचं लग्न ठरलंय' अशा अर्थाची पाटी येते आणि त्याचा राग तो तिच्यावर काढतो. पण गाण्यांच्या बाबतीत तो बरोबर आहे. सिनेमा आपल्याला गायच्या बाजूला बसवतो, फे त्याच्याकडे जाते, आपण खूश होतो, आणि या सगळ्यात जिमीचं म्हणणं कुणी नीट ऐकूनच घेत नाही.

बेसवाल्याबद्दल दोन शब्द बोललो नाही तर माझे जुने सोबती मला जेवू घालणार नाहीत. अख्ख्या सिनेमात त्याला नाव नाही. श्रेयनामावलीतही त्याचं नाव म्हणजे 'द बेस प्लेअर'चीच आद्याक्षरं करून ठेवलेली, टी. बी. प्लेअर. हँक्सनं केलेला हा विनोद आम्हा मागच्या रांगेतल्यांना जरा जास्तच कळतो. तो आधीच सैन्यात भरती झालेला असतो, ऐनवेळी निघून जातो, आणि कंपनी त्याच्या जागी एक तयार वादक उभा करते. कुणाला फरक पडत नाही. खऱ्या लॉस एंजेलिसमध्ये तर हे रोजचं होतं. द बर्ड्स या बँडची १९६५ची पहिली गाजलेली रेकॉर्ड घ्या. बँडमधल्या पाचांपैकी एकट्या रॉजर मॅग्विननं तीत गिटार वाजवलंय. बाकी वाद्यं भाड्याच्या वादकांची, ड्रमवर हॅल ब्लेन. त्या काळातल्या किती रेकॉर्डींवर ब्लेनचा हात आहे याची मोजदाद करणं अवघड, आणि कव्हरवर फोटो दुसऱ्यांचे.

सिनेमातलं गाणंही असंच दुसऱ्याच हातांनी घडलेलं. ते लिहिलं ॲडम श्लेसिंजरनं. तेव्हा त्याच्या फाउंटन्स ऑफ वेन या बँडची पहिली रेकॉर्ड यायची होती. निर्मात्यांनी अनेकांकडून गाणी मागवली होती, त्यातून हे निवडलं. मागणी कठीण होती: गाणं १९६४चं वाटलं पाहिजे, एका ऐकण्यात तोंडात बसलं पाहिजे, आणि सिनेमाभर पुन्हा पुन्हा वाजलं तरी वीट येता कामा नये. तिन्ही जमलं. पडद्यावर शेक ओठ हलवतो, आवाज माइक व्हायोलाचा. आपल्याला यात काही विशेष नाही, पार्श्वगायनावरच वाढलोय आपण. गंमत म्हणजे हे खोट्या बँडचं गाणं खऱ्या बिलबोर्डवर ४१व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. श्लेसिंजर १ एप्रिल २०२० रोजी कोविडनं गेला, ५२ वर्षांचा होता.

आणखी एक. सिनेमा सुरू होताना नावांवर जे गुळगुळीत समूहगान वाजतं, बीटल्सच्या आधीचं, घरातल्या मोठ्यांना चालणारं, ते खुद्द हँक्सनं लिहिलंय. इतकं बेमालूम वाईट गाणं लिहायला कान चांगला लागतो.

शेवटचा स्टुडिओचा प्रसंग बघाच. लेनी लास व्हेगासला लग्न करायला पळालाय, बेसवर भाड्याचा माणूस, घड्याळ चालू आणि स्टुडिओचं भाडंही. जिमी माईकसमोर गातच सांगतो की मी सोडलं. व्हाइट आरडाओरडा करत नाही. करारभंग झाला एवढं सांगतो, आणि हे असं नेहमीच होत असतं, म्हणतो. गाय एकटा मागं उरतो आणि मन मोकळं करायला ड्रम वाजवायला लागतो. तेवढ्यात डेल पॅक्स्टन आत येतो. गाय ज्याच्या रेकॉर्डींच्या साथीला दुकानात वाजवायचा, तोच जाझ पियानोवाला (बिल कॉब्ज). दोघं वाजवतात. इथं कुणाचं गाणं, कुणाची मालकी, काही प्रश्न नाही. फार सुंदर वाजवलंय. पण दिवाणखान्यातल्या बैठकीला पाकीट नसतं, हेही मला त्याच वेळी आठवतं. सवय, दुसरं काय.

सगळ्यात शेवटी पाट्या येतात, कोण पुढं काय झालं सांगणाऱ्या. गाय आणि फे लग्न करून वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावर राहतात, संगीतशाळा काढतात. लेनी नेवाडात एका कॅसिनोचा मॅनेजर. बेसवाला व्हिएतनाममध्ये लढून, जखमी होऊन परतला आणि बांधकाम कंत्राटदार झाला. आणि जिमी? तो नव्या बँडसह प्ले-टोनकडेच परत गेला, तीन गोल्ड अल्बम दिले, पुढं स्वतः रेकॉर्ड प्रोड्यूसर झाला. ज्या कंपनीच्या तोंडावर गाऊन राजीनामा दिला, तिथंच! हे सगळं एका पाटीत उरकलंय. जिमी परत त्या ऑफिसात गेला तेव्हा टेबलापलीकडे कोण बसलं होतं, या खेपेला त्यानं गाण्यांचे हक्क स्वतःकडे ठेवले की निम्मे दिले, आणि पुढं प्रोड्यूसर म्हणून तो नव्या पोरांसमोर बसला तेव्हा त्यांना कुणाच्या संग्रहातली गाणी गायला लावली? हँक्सनं १९९८मध्ये आपल्या खऱ्या निर्मिती संस्थेलाही प्लेटोन हेच नाव दिलं. तेव्हा सामान घरचंच आहे. त्यानं हा दुसरा सिनेमा काढावा, जिमीचा. पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत बसून बघीन.